२०१५चं लीड्स की २०२५चं हल केआर : तिहेरी मुकुट कुणाचा भारी?

कर्कस्टॉलकर

२०२५च्या ऑक्टोबरात हल केआरने विगनला २४-६ असं लोळवलं आणि चॅलेंज कप (बाद पद्धतीची स्पर्धा), लीग लीडर्स शील्ड (साखळीत पहिला येईल त्याला) व ग्रँड फायनल (लीगचा अंतिम सामना) ही तिन्ही एकाच वर्षात घरी नेली. तेव्हापासून ऑफिसात एकच वाद चालू आहे. म्हटलं, तो मराठीतही घालून बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडच्या उत्तरेत रग्बी लीग नावाचा खेळ आहे. तेरा जणांचा. टीव्हीवर सहा देशांची स्पर्धा दिसते तो पंधरा जणांचा खेळ वेगळा, त्याला युनियन म्हणतात. इथे लीड्समध्ये तुम्ही दोन्हींची गल्लत केलीत तर लोक काही बोलत नाहीत, फक्त तुमच्याकडे जरा वेळ बघत राहतात.

मी २०१४च्या शेवटी नोकरीसाठी लीड्सला आलो. घरमालक निवृत्त बसचालक. दिवसाला पाच वाक्यं बोलायचा, त्यातली तीन लीड्स ऱ्हायनोज या संघाबद्दल. त्याच्या नादाने २०१५चा सीझन अख्खा पाहिला. माझं मत असं, की तसा सीझन पुन्हा झालेला नाही. कारण तीन करंडक तीन तऱ्हांनी आले. २९ ऑगस्टला वेम्बलीवर हल केआरविरुद्ध ५०-०. टॉम ब्रिस्कोचे एकट्याचे पाच ट्राय (रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय). २५ सप्टेंबरला हडर्सफील्डमध्ये १६-१६ बरोबरी, विगनने आपला सामना आधीच खिशात घातलेला, बरोबरी राहिली तर शील्ड विगनला. आणि अगदी शेवटच्या क्षणी आमच्या मॅग्वायरने पायाने पुढे सरकवलेल्या चेंडूवर रायन हॉलने झेप घेऊन ट्राय केला. २०-१६. मग १० ऑक्टोबरला ओल्ड ट्रॅफर्डवर ७३,५१२ लोकांसमोर विगनवर २२-२०. एक कत्तल, एक चमत्कार आणि एक झुंज.

शिवाय तो केव्हिन सिनफील्ड, जेमी पीकॉक आणि कायली लेउलुआई या तिघांचा लीड्ससाठी शेवटचा सामना. याहून चांगला निरोप कुणाला मिळालाय का?

तर मंडळी, २०१५ की २०२५? इथे पाहणारे कुणी आहेत का हाच खरा प्रश्न म्हणा.

बाबूराव_बंडी

मी पहिला!

धागा वाचला. ‘हल केआर’ हे मला चक्क ‘हलकर’ वाटलं. म्हटलं कुणीतरी कोकणातला गडी थेट इंग्लंडात करंडक जिंकून आला.

हल्ली_हलमध्ये

बाबूराव, गेली अकरा वर्षं मी इथल्या मराठी मंडळात हाच विनोद ऐकतोय. तरी हसलो.

केआर म्हणजे किंग्स्टन रोव्हर्स. शहराच्या मधून हल नदी जाते. पूर्वेला आम्ही, लाल-पांढरे, गोदीवाल्यांचे. पश्चिमेला हल एफसी, काळे-पांढरे, मासेमारी बोटीवाल्यांचे. नवीन भाडेकरू आला की घर नदीच्या कुठल्या बाजूला घेतलंय हे विचारतात, आणि तिथेच तुमचा संघ ठरतो. मला पूर्वेला घर स्वस्त मिळालं. बाकी भक्तीबिक्ती नंतर आली.

२०१५च्या फायनलला मी वेम्बलीवर होतो. एवढंच आज लिहितो. ‘कत्तल’ हा शब्द कर्कस्टॉलकरांनी फारच सहज वापरलाय.

चढाई

मला नियम कळले नाहीत. सोपं करून सांगा. लालबागला मंडळाकडून कबड्डी खेळलोय, त्या भाषेत सांगितलंत तरी चालेल.

कर्कस्टॉलकर

@चढाई, तुम्हाला तर पटकन कळेल. चेंडू घेऊन समोरच्या भिंतीवर धावून जायचं. ते तुमची पकड करतात. पकड झाली की खेळाडू उठतो, चेंडू टाचेखाली घेऊन मागे सरकवतो आणि पुढचा घेऊन पळतो. अशा सहा पकडी होईपर्यंत चेंडू तुमचा, मग समोरच्यांचा. म्हणून पाचवी पकड झाली की बहुतेक वेळा लाथ मारून चेंडू लांब पाठवतात. पुढे पास द्यायचा नाही, फक्त मागे किंवा आडवा. रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, ४ गुण. त्यानंतरच्या किकचे २. चालू खेळात ड्रॉप गोल मारला तर १.

आणि प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे जायचं. खरी दमछाक तिथे होते. ऐंशी मिनिटं पुढे धावा, पाडा, मागे पळा, पुन्हा पुढे.

चढाई

म्हणजे दम न धरता केलेली कबड्डी. कळलं. आणि वेळ संपल्याचं कसं कळतं? शिट्टी?

कर्कस्टॉलकर

भोंगा वाजतो. पण चालू असलेली चाल पुरी होऊ देतात.

चढाई

भोंगा! आता मात्र हा खेळ आपला.

सुमेधा_प

मी वॉरिंग्टनला चार वर्षं होते. थोडं वेगळं मत मांडते. २०१५ला ‘सर्वोत्तम सीझन’ म्हणताना त्या वर्षीची रचना लोक विसरतात. ती रचना पहिल्यांदाच आली होती आणि ती क्रूर होती.

बारा संघ. तेवीस फेऱ्या झाल्यावर तक्ता मधोमध कापायचा. वरचे आठ एकीकडे, आपापले गुण घेऊन आणखी सात सामने, त्यातले पहिले चार बाद फेरीत. खालचे चार खाली ढकलायचे, तिथे दुय्यम विभागातले पहिले चार येऊन मिळणार आणि सगळ्यांचे गुण शून्य. त्या आठांतले पहिले तीन सुपर लीगमध्ये, म्हणजे वरच्या विभागात. चौथा आणि पाचवा यांचा एकच सामना, जिंकेल तो आत. त्याला नाव काय दिलं? ‘मिलियन पाउंड गेम’. माणसांच्या नोकऱ्यांवर लावलेल्या पैजेचं जाहिरातीसारखं नाव.

कर्कस्टॉलकरांचे तीनही सामने वरच्या अर्ध्यातले. खालच्या अर्ध्यात काय चाललं होतं ते कुणीतरी लिहा.

ट्रिनिटीवाली

मी लिहिते. मी त्याच खालच्या अर्ध्यातली.

मी वेकफील्डला रुग्णालयात काम करते. २०१५ला आमचं ट्रिनिटी बाराव्या नंबरावर, म्हणजे तळाला. वॉर्डात सोमवारी सकाळी कोण जिंकलं हे विचारायची पद्धतच बंद पडली होती. मग तो सामना आला, ३ ऑक्टोबर, आमच्या बेल व्ह्यूवर, ब्रॅडफर्डविरुद्ध. मी जाणार नव्हते. आमच्या वॉर्डातल्या एका सफाई कामगार बाईंनी तिकीट हातात ठेवलं आणि म्हणाल्या, ‘घरी बसून धीर धरवणार नाही, लव्ह.’ (इकडे सगळेच सगळ्यांना लव्ह म्हणतात, गैरसमज नको.)

बेल व्ह्यू म्हणजे तेव्हा जुनाट मैदान. उघड्या पायऱ्यांवर उभं राहायचं, छत अर्ध्याच लोकांना. ऐंशी मिनिटांत मी एकदाही कुणाला खेळाचं कौतुक करताना ऐकलं नाही. ‘वेळ किती राहिला’ हे एकच वाक्य. २४-१६ने जिंकलो. आणि जिंकल्यावर लोक नाचले नाहीत हो. बरेच जण नुसते पायरीवर बसले. मला तो आनंद वाटला नाही, ऑपरेशन पार पडल्यावर नातेवाईक बाहेर बाकावर बसतात तसं वाटलं.

समोरच्या बाजूला ब्रॅडफर्डचे लोक होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

ऑडसलचे_काका

ते ब्रॅडफर्डचे लोक म्हणजे आम्ही.

मी १९७४ साली ब्रॅडफर्डला लोकरीच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करायला आलो. तेव्हा संघाचं नाव ब्रॅडफर्ड नॉर्दर्न. ऑडसल म्हणजे कचऱ्याचा खड्डा भरून केलेलं मैदान, वरून बघितलं तर मोठी परात. १९५४ साली चॅलेंज कपच्या फेरसामन्याला तिथे १,०२,५६९ माणूस आला होता. ही अधिकृत नोंद. अधिकृत न आलेले किती ते देव जाणे. जुने लोक ‘मी होतो’ म्हणून सांगायचे. सगळ्यांचं खरं मानलं तर आकडा तीन लाखांच्या वर जाईल.

पुढे बुल्स झालो. १९९७, २००१, २००३, २००५ अशा चार वेळा विजेते. २००३ला तर तिन्ही करंडक आमचे, हे धागाकर्त्याने लिहिलेलं नाही. लीड्सवाल्यांना इतिहास २००४पासून सुरू होतो असं वाटतं. मग पैशांची घसरण. २०१४ला खाली गेलो, २०१५ला वर यायची एकच संधी आणि ती वेकफील्डला हरलो. जानेवारी २०१७मध्ये क्लबच दिवाळखोरीत निघाला. नव्या मालकाने उभा केला तर वजा बारा गुणांनी सुरुवात.

सुमेधाताई, रचना क्रूर होती हे मान्य. पण एक लक्षात घ्या. त्याआधी काही वर्षं परवाने देऊन संघ ठरवत, तेव्हा खालच्या संघांना कितीही जिंकलं तरी दार बंद होतं. क्रूर दार आणि बंद दार यात मी क्रूर दार घेईन. आम्ही त्याच दारात बोटं चेमटून घेतली, तरीही.

ट्रिनिटीवाली

काका, तुमचं वाचून गप्प झाले. आम्हीही सुटलो नाही. २०२३ला उतरलोच. वर्षभरात परत आलो एवढंच.

सुमेधा_प

काका, तुमच्या अनुभवापुढे माझं मत म्हणजे पुस्तकी. तरी एक मुद्दा सोडत नाही. दुय्यम विभागात त्या वर्षी पहिला कुठला संघ आला? ली. आणि वर कोण गेलं? कुणीच नाही. सबंध हंगाम पहिला राहून शेवटी गुण शून्य झाले आणि हाती काही लागलं नाही. मग तो सबंध हंगाम कशासाठी खेळला?

विगनवेडा

लीचं दुःख बघून विगनचा माणूस कधीच रडत नाही (आमच्यापासून सात-आठ मैलांवर आहेत ते), पण यावेळी सुमेधाताईंशी सहमत.

आता २०१५च्या ग्रँड फायनलबद्दल. आम्ही मध्यंतराला मागे होतो. मग अशी पकड घेतली की २०-१६ने पुढे. मी पबमध्ये उभा होतो, बसायची सोयच नव्हती. त्यानंतर जॉश वॉल्टर्स नावाचा पोरगा, ज्याचं नाव आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं, त्याने ट्राय केला. २०-२०. मग सिनफील्ड किकला उभा राहिला. पबमध्ये एक म्हातारा टीव्हीकडे पाठ करून उभा राहिला. म्हणाला, तो मारणार, बघायचं काय त्यात. मारली. २२-२०. बाकीची पंधरा-सोळा मिनिटं काय काय केलं ते विचारू नका.

मॅग्वायरला सामनावीराची हॅरी सन्डरलंड ट्रॉफी मिळाली. दोन ट्राय होते त्याचे, योग्यच मिळाली. पण माझ्या डोक्यात राहिलाय तो पाठमोरा म्हातारा.

आणि ‘असा सीझन पुन्हा झाला नाही’ वगैरे म्हणणाऱ्यांसाठी: २०२४ला विगनने तिन्ही घेतलेच, वर ऑस्ट्रेलियाच्या पेनरिथला हरवून जागतिक क्लब विजेतेपदही घेतलं. चार. मोजा.

बाबूराव_बंडी

म्हणजे तिहेरी मुकुट हा प्रकार दर आठवड्याला होतो की काय? ब्रॅडफर्ड २००३, लीड्स २०१५, विगन २०२४, हलकर २०२५. आमच्या सोसायटीच्या क्रिकेट स्पर्धेलासुद्धा एवढे तिहेरी विजेते नाहीत.

विगनवेडा

सेंट हेलन्स २००६ राहिलं. मुद्दाम राहू दिलं असेल तर तुमचं स्वागत आहे.

मोरोपंत_लंडन

धागा वाचतोय पण प्रश्न असा की हे सगळं उत्तरेतच का? लंडनमध्ये मी तेवीस वर्षं आहे, माझ्या ऑफिसात एकालाही लीड्स ऱ्हायनोज माहीत नाहीत.

ऑडसलचे_काका

पंत, यात सगळी गोष्ट आहे. लिहितो, जरा लांब होईल.

एकोणिसाव्या शतकात रग्बी एकच होती आणि हौशी होती. हौशी म्हणजे पैसे घ्यायचे नाहीत. दक्षिणेतल्या वकील-डॉक्टरांना ते परवडायचं. इकडे खेळणारे खाणीतले, गिरणीतले. शनिवारी दुपारपर्यंत काम असायचं, सामन्याला गेला की मजुरी बुडायची. क्लबांचं म्हणणं एवढंच होतं की बुडालेल्या मजुरीपोटी दिवसाला सहा शिलिंग द्या. लंडनने नाही म्हटलं. २९ ऑगस्ट १८९५ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले क्लब जमले आणि वेगळे झाले. मग हळूहळू नियमही बदलत गेले, पंधराचे तेरा झाले.

पहिल्याच सीझनचे, १८९५-९६चे, विजेते कोण? मॅनिंगहॅम. ब्रॅडफर्डचा भाग आहे, आता तिथे गेलात तर मिठाईची दुकानं आणि कापडाची दुकानं, आपल्याकडचे आणि पाकिस्तानातले लोक. १९०३ला त्या क्लबने रग्बी सोडून फुटबॉल धरला आणि तो ब्रॅडफर्ड सिटी झाला. म्हणजे या खेळाचा पहिला विजेता हा खेळच सोडून गेला. ब्रॅडफर्डचं नशीब तिथूनच सुरू होतं.

आणि युनियनवाल्यांनी सूड काय उगवला? लीगमध्ये एकदा खेळला की तिकडे जन्मभराची बंदी. १९९५पर्यंत. सिनफील्ड २०१५ संपल्यावर यॉर्कशायर कार्नेगीकडून युनियन खेळायला गेला, पुढे इंग्लंडच्या युनियन संघाच्या प्रशिक्षकांपैकी एक झाला. माझ्या गिरणीतल्या जुन्या फोरमनला हे सांगितलं असतं तर त्याने मला दारूडा ठरवलं असतं.

चढाई

काका, सलाम. गिरणगावात हेच होतं. कबड्डीचे संघ गिरण्यांचे, पोरं गिरणीतली, सामना संध्याकाळी पाळी सुटल्यावर. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मैदानांवर टॉवर आले. तुमच्याकडे निदान संघ तरी उरले.

ऑडसलचे_काका

संघ उरले, गिरण्या नाही उरल्या. २०१५चीच गोष्ट. डिसेंबरात कॅसलफर्डजवळची केलिंगली कोळशाची खाण बंद झाली, ब्रिटनमधली शेवटची खोल खाण. १८ डिसेंबर. त्या पट्ट्यात कॅसलफर्ड, फेदरस्टोन, वेकफील्ड असे संघ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, कारण खाणी तशा होत्या. खाणीतून वर आला की तोंड धुऊन थेट सरावाला. आता ती ओळखच कागदावर राहिली.

गुगलीवाला

काका, लेख लिहा वेगळा. वाचनखूण साठवली.

थोडं अवांतर. लीड्स ऱ्हायनोजचं मैदान हेडिंग्ली म्हणजे तेच का, आपलं क्रिकेटवालं?

कर्कस्टॉलकर

तेच. एकाच स्टँडची एक बाजू क्रिकेटच्या मैदानाकडे, पाठीमागची रग्बीच्या. २०१५ला जुना स्टँड होता, आता नवा बांधलाय. क्रिकेट बघताना पाठीमागे रग्बीचं मैदान आहे हे बऱ्याच भारतीयांना माहीतच नसतं.

गुगलीवाला

मग आता थांबत नाही. सचिन १९९२ला यॉर्कशायरकडून खेळला, तो त्यांचा पहिला परदेशी खेळाडू. २००२ला तिथेच द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८, आणि डावाने विजय. १९८६ला वेंगसरकर दोन्ही डावांत, ६१ आणि नाबाद १०२. आणि १९५२ला तिथेच ४ बाद ०. पंकज रॉय, दत्ताजी गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. मांजरेकरांनी पहिल्या डावात १३३ केले होते हो, तेही सांगायलाच हवं.

बाबूराव_बंडी

४ बाद ० म्हणजे हलकरांचं ० विरुद्ध ५० आठवलं. ह. घ्या.

हल्ली_हलमध्ये

हलकेआर घेतलं.

संपादक_मंडळ

क्रिकेटसाठी वेगळा धागा आहे. कृपया रग्बीवर परत यावे.

डॉ_अपर्णा_सा

२०१५बद्दल एक गोष्ट कुणी लिहिली नाही, म्हणून लिहिते.

त्या वर्षी मे महिन्यात कीथली कूगर्स या संघाचा डॅनी जोन्स सामन्यादरम्यान कोसळला आणि गेला. हृदयाचा आनुवंशिक दोष, आधी कळलेला नव्हता. घरी काही महिन्यांची जुळी. त्याची पत्नी लिझी गायिका. ऑगस्टमध्ये त्याच वेम्बलीवर, त्या ५०-०च्या फायनलआधी, दरवर्षी गायचं स्तोत्र तिने गायलं. मी टीव्हीवर पाहिलं. आवाज एकदाही कापला नाही. माझा इथे सोफ्यावर बसून कापला.

त्यानंतर या खेळात खेळाडूंच्या हृदयाची तपासणी सक्तीची झाली. मी स्वतः हृदयरोग विभागात आहे, त्यामुळे माझ्यासाठी २०१५ म्हणजे हेच. तीन करंडकांच्या यादीत ही तपासणी धरली तर मला बरं वाटेल.

ट्रिनिटीवाली

+१. आमच्याकडे त्यानंतर गावातल्या हौशी क्लबांचे लोकही तपासणीची चौकशी करायला यायला लागले. वीस-बावीस वर्षांची दांडगी पोरं, इसीजीच्या टेबलावर आडवी पडून छताकडे बघत.

कर्कस्टॉलकर

अपर्णाताई, खरंय. मी त्या वेळी स्टेडियमच्या बाहेर खाण्याच्या रांगेत होतो, आवाज ऐकू आला तेव्हा सगळी रांग गप्प झाली. मला कारण घरमालकाने नंतर सांगितलं.

त्या दिवशीचं आणखी एक. तारीख २९ ऑगस्ट. काकांनी सांगितलेल्या जॉर्ज हॉटेलच्या बैठकीला बरोबर १२० वर्षं. सहा शिलिंगांवरून निघून गेलेल्यांचा अंतिम सामना, लंडनमध्ये, ऐंशी हजारांसमोर. पंत, तुमच्या शहरात. तुम्ही कुठे होतात?

मोरोपंत_लंडन

विम्बल्डनला मुलीचा भरतनाट्यमचा क्लास. शनिवार होता ना.

जोशी_हॅरोगेट

लीड्सच्या रॉब बरोबद्दल कुणीच नाही? उंची १.६५ मीटर, समोर शंभर-सव्वाशे किलोचे दैत्य. २०११च्या ग्रँड फायनलमधला त्याचा ट्राय यूट्यूबवर बघा, खाली वाकून असा काही निसटतो की पकड करणारे एकमेकांना धरतात. तो २०१५च्या संघातही होता. डिसेंबर २०१९ला मोटर न्यूरॉनचा आजार निघाला. २०२४च्या जूनमध्ये गेला.

सिनफील्डने त्याच्यासाठी सात दिवसांत सात मॅरेथॉन धावून वीस लाख पाउंडांच्या वर निधी जमवला. आणि मे २०२३ला लीड्स मॅरेथॉनमध्ये बरोला चाकाच्या खुर्चीतून सबंध अंतर ढकलत नेलं, शेवटच्या रेषेपाशी उचलून घेतलं आणि पार केलं. मी त्या रेषेपासून पन्नास पावलांवर होतो. हॅरोगेटचा माणूस सहसा टाळ्यासुद्धा मोजून वाजवतो. त्या दिवशी हिशेब राहिला नाही.

धागाकर्ते म्हणतात सिनफील्डला याहून चांगला निरोप मिळणार नाही. मला वाटतं २०१५ला तो फक्त कपडे बदलायला आत गेला होता.

चढाई

चढाईला गेलेल्या गड्याला आपल्याच माणसाने उचलून मध्यरेषेपार आणायचं. आमच्यात असं कुणी केलं नाही.

सुमेधा_प

परत वादावर येते, नाहीतर सगळे रडत बसाल.

लीड्स २०१५ला सर्वात मोठं. मग २०१६? २६ डिसेंबर २०१५ला एअर नदीला पूर आला, त्यांचं कर्कस्टॉलचं सरावाचं मैदान पाण्यात गेलं. आणि पुढच्या वर्षी नववे! तीन करंडक जिंकलेला संघ बारा महिन्यांत त्याच खालच्या आठांत, गुण शून्य करून. म्हणजे मी म्हणते ती क्रूर रचना राजालाही सोडत नव्हती. शेवटी २०१८नंतर गुंडाळली ती.

कर्कस्टॉलकर

२६ डिसेंबर मला सांगू नका. माझी गाडी कर्कस्टॉल रोडवर उभी होती. म्हणजे सकाळी उभी होती. घरमालक म्हणाला, ‘तीन करंडकांची किंमत आहे ती.’ त्याच्या दिवसातल्या पाचांपैकी एक वाक्य.

विगनवेडा

लीड्सवाल्याची गाडी बुडाली हे वाचून जे काही वाटलं ते इथे लिहिणं सभ्यतेला धरून नाही.

ऑडसलचे_काका

एक बातमी देऊन जातो. २०२६पासून सुपर लीग चौदा संघांची आणि ब्रॅडफर्ड परत आत. २०१४नंतर पहिल्यांदा. मी ८१ वर्षांचा आहे. गुडघे बदललेत. ऑडसलच्या पायऱ्या उतरणं शक्य आहे, चढणं अवघड. नातवाला सांगितलंय की सामना संपल्यावर मला तिथेच सोड, पुढच्या सामन्याला परत ये.

ट्रिनिटीवाली

काका, वेकफील्ड-ब्रॅडफर्डच्या सामन्याला मी तुमच्या बाजूला बसणार. डबा माझा.

ऑडसलचे_काका

थालीपीठ असेल तर निकालाचं मी मनावर घेणार नाही.

बाबूराव_बंडी

मूळ प्रश्न राहिला राव. २०१५ की २०२५? हलकर, तुम्ही गप्प का? तुम्ही दोन्हीकडे होतात.

हल्ली_हलमध्ये

बरं, लिहितो.

२०१५ला आमचा संघ १९८६नंतर पहिल्यांदा वेम्बलीला गेला. अर्धं पूर्व हल बसमधून निघालं. माझा मुलगा सहा वर्षांचा. वाटेत एका थांब्यावर त्याला लाल-पांढरा झेंडा घेऊन दिला. पाचव्या ट्रायनंतर तो झोपला. खरंच झोपला, झेंडा अंगावर घेऊन. सामना संपल्यावर शेजारी बसलेल्या लीड्सच्या बाईंनी त्याला चॉकलेट दिलं आणि मला म्हणाल्या, आम्ही सहा फायनल ओळीने हरलोय, होईल तुमचंही. तेव्हा मला ते ऐकून राग आला होता.

मग २०१६. तोच मिलियन पाउंड गेम, सॅल्फर्डविरुद्ध, आमच्याच मैदानावर. दोन मिनिटंही उरली नव्हती आणि १८-१०ने पुढे होतो. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. त्यांनी दोन ट्राय केले. जादा वेळेत त्यांच्या ओब्रायनने एका गुणाचा ड्रॉप गोल मारला. १८-१९. खाली. त्या दिवशी झेंडा जिन्याखालच्या कपाटात गेला. ट्रिनिटीवाली, तुम्ही बाकावर बसलेल्या नातेवाईकांचं लिहिलंत ना, आमचं ऑपरेशन झालं नाही.

त्यामुळे २०१५ की २०२५ हे मला विचारू नका. कर्कस्टॉलकरांचे तीन करंडक सहा आठवड्यांत आले. आमचा पहिला २०२५च्या जूनमध्ये आला, वॉरिंग्टनविरुद्ध ८-६, अगदी शेवटी ट्राय आणि त्यावरची किक. चाळीस वर्षांत पहिला मोठा करंडक. किक बसली तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा उभेच राहिले नाहीत. त्यांना कळलंच नव्हतं की जिंकलोय. सवयच नव्हती.

कर्कस्टॉलकर, तुमचं वर्ष जास्त देखणं. मान्य आहे. तुमच्या संघाला जिंकायची सवय होती, त्यातला सर्वात सुंदर सीझन तो. सिनफील्डचं सातवं ग्रँड फायनल विजेतेपद होतं ते, कर्णधार म्हणून. आमचं पहिलं.

ऑक्टोबरात मुलगा सोळाचा. ओल्ड ट्रॅफर्डला निघताना स्वतः जिन्याखाली शिरला आणि झेंडा काढला.

कर्कस्टॉलकर

मी माझं मत मागे घेत नाही, पण तुमच्यापुढे मांडतही नाही आता.

विगनवेडा

२४-६. मी होतो तिथे. तुमच्या बाजूला झेंडे इतके होते की तुमचा कुठला ते कळलं नसणार, पण आवाज आला.

बाबूराव_बंडी

हलकर, एकच शंका. दहा वर्षांत झेंडा धुतला होता का?

हल्ली_हलमध्ये

नाही. २०१५चं चॉकलेट अजून आहे त्याला एका कोपऱ्यात.